हॅमेट, डॅशिएल
(२७ मे १८९४–१० जानेवारी १९६१). अमेरिकन कथा-कादंबरीकार, ‘हार्ड-बॉइल्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रहस्यकथेचा एक प्रवर्तक. जन्म मेरिलंड राज्यात. शिक्षण अल्प. १९१५ मध्ये तो पिंकर्टन ह्या खाजगी गुप्तहेरसंस्थेत नोकरीस लागला. पहिल्या महायुद्धकाळात सैन्यात असताना जडलेल्या क्षयामुळे पुढे ती सोडून तो सॅन फ्रॅन्सिस्को येथे लेखनाकडे वळला. ब्लॅक मास्क ह्या मासिकातील त्याच्या कथांचा निनावी, स्थूल नायक हा पगारी हेर आहे; प्रज्ञावंत हौशी नव्हे. तोवरच्या रहस्यकथेत खून हे बहुधा बुद्धीला घातलेले कोडे असे. हॅमेटने त्याचा संबंध पैसा व सत्ता यांच्याशी जोडला. रेड हार्वेस्ट (१९२९) मध्ये तर एक संपूर्ण खाणगाव गुन्हेगारांच्या हाती गेलेले दिसते. द मॉल्टीज फाल्कन (१९३०) ही त्याची सर्वश्रेष्ठ कादंबरी. तीत निवेदक कोणाच्याही मनात शिरत नाही. केवळ हालचाली व संवाद टिपतो. त्यामुळे सॅम स्पेड हा हेर सचोटीचा की लोभी, हा संशय अखेरपर्यंत टिकतो. रेमंड चँड्लरने १९४४ मधील एका निबंधात हॅमेटचे ऋण मान्य केले आहे. द थिन मॅन (१९३४) नंतर मात्र त्याची एकही कादंबरी प्रसिद्ध झाली नाही. साम्यवाद्यांना साहाय्य करणाऱ्या एका जामीन-निधीचा तो विश्वस्त होता. देणगीदारांची नावे न्यायालयात सांगण्यास नकार दिल्याने १९५१ मध्ये त्याला कारावास भोगावा लागला. न्यूयॉर्क येथे तो मरण पावला. दोन्ही महायुद्धांतील सैनिक म्हणून आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याचे दफन झाले.