परप्रांतीय कामगार आणि स्थानिकांचा रोजगार (बोईसर-तारापूर-केळवे)

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक पट्टा आणि त्याच्या दक्षिणेची केळवे-माहीम किनारपट्टी या भागात पन्नास वर्षांहून अधिक काळ धुमसत असलेला सामाजिक व नैतिक प्रश्न. गावातली मुले रिकामी बसलेली असताना कारखान्यातले काम बाहेरून आलेल्याने घेणे योग्य आहे का, मालकाने ते त्याला देणे योग्य आहे का, आणि सरकारने कोणाची बाजू धरावी, असे त्याचे तीन पदर आहेत. जगात इतरत्र हा वाद परदेशी कामगारांवरून होतो. इथला बाहेरचा माणूस उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड किंवा ओडिशातून रेल्वेने आलेला असतो, म्हणजे याच देशाचा नागरिक. त्याला सीमेवर अडवता येत नाही की व्हिसा नाकारता येत नाही. म्हणून इथे न्याय-अन्यायाचा विचार कायद्यावर सोपवून मोकळे होता येत नाही.

स्थानिकांचा राग समजून घ्यायचा तर आधी त्यांचे काय गेले ते पाहावे लागते. तारापूर अणुऊर्जा केंद्राचे पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाले. पाठोपाठ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बोईसरलगतच्या गावांच्या जमिनी घेऊन तारापूर औद्योगिक वसाहत वसवली. कापड, पोलाद, रसायने, रंग आणि औषधांचा कच्चा माल बनवणारे हजाराहून अधिक कारखाने तिथे आले. पुढे अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. जमीन गेली त्याची निदान कागदोपत्री नोंद झाली. पाणी गेले त्याची तेवढीही झाली नाही. वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या बाजूने समुद्रात सोडले जाते. मुरबे, नांदगाव, आलेवाडी, नवापूर, दांडी या गावांतले मच्छीमार वर्षानुवर्षे त्याविरुद्ध तक्रार करत आले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर व सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर पर्यावरण भरपाई बसवली. खाडीत निवटी, चिंबोऱ्या, कालवे काढून घर चालवणाऱ्या बाईचे काम कधी कोणत्या हजेरीपटावर नव्हते. ते बुडाले तेव्हा बेरोजगारीच्या आकड्यात एकाचीही भर पडली नाही. या पट्ट्यातली सर्वात मोठी रोजगारहानी हीच आहे, आणि ती एकाही परप्रांतीय मजुराने केलेली नाही.

केळव्याची गोष्ट थोडी निराळी. इथे कारखाना नाही. नागवेलीचे पानमळे, केळीच्या वाड्या, सुरूच्या बनाआडचा किनारा आणि शीतलादेवीचे देऊळ यांवरून गाव ओळखले जाते. वाड्यांतले रोजंदारीचे काम बहुतांशी आसपासच्या पाड्यांवरची आदिवासी माणसे करतात. वाडीवाल्यांची मुले मात्र शिकली की केळवे रोडहून गाडी धरतात. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यापासून मुंबईकडे जाणे आणखी सोपे झाले. ती मुलेही जातात तिथे बाहेरचीच असतात, पण त्यांना त्या शहरात कोणी परप्रांतीय म्हणत नाही.

बोईसरमध्ये नोकरी कशी मिळते हे जवळून पाहिल्याशिवाय वादातली निम्मी वाक्ये पोकळ राहतात. पाळी बदलण्याच्या वेळी वसाहतीच्या फाटकांवर डबा घेतलेल्या माणसांची रीघ लागते. त्यातल्या अनेकांची नावे कारखान्याच्या पगारपत्रकावर नसतात. ती ठेकेदाराच्या हजेरीवहीत असतात. हेल्पर म्हणून आलेला माणूस बारा तास उभा राहतो. कायद्याप्रमाणे जादा तासांना दुप्पट दर मिळायला हवा. ठेकेदार बहुधा बारा तासांचा एकच रोज सांगतो आणि माणूस तो मान्य करतो, कारण गावाहून त्याला आणणारा मुकादमही त्याच साखळीतला असतो. राहायला एका खोलीत सहा-आठ जण. दिवसपाळीवाले उठून गेले की रातपाळीवाले त्याच चटयांवर आडवे होतात. ही चाळ बांधलेली असते गावातल्याच माणसाने, पुष्कळदा जमिनीच्या मोबदल्यातून. ज्या घरातल्या मुलाला फाटकावरून परत पाठवले जाते, त्याच घराचा किराणा परप्रांतीयाने दिलेल्या भाड्यातून भरला जातो.

कारखानदारांकडून एक वाक्य हमखास ऐकू येते: स्थानिक मुले कामाला टिकत नाहीत. स्थानिक मुलगा लावणीला, गणपतीला, लग्नसराईला सुट्टी मागतो, हे खरे आहे. त्याला इजा झाली तर संध्याकाळपर्यंत गाव फाटकावर जमते, हेही खरे. परप्रांतीय कामगाराच्या मागे असे कोणी नसते. ज्याला ‘टिकणे’ म्हटले जाते त्यात कसबाचा वाटा थोडा आणि निराधारपणाचा मोठा आहे. ११ जानेवारी २०२० रोजी कोलवड्याजवळ एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जणांचा बळी गेला. त्याआधी आणि नंतरही वसाहतीत असे स्फोट होत राहिले आहेत. अशा ठिकाणी अर्ध्या सुरक्षिततेवर काम करायला तयार असलेला माणूस स्वस्त पडतो. तो स्वस्त का पडतो, हा प्रश्न तो कुठून आला यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

सरकारी उत्तर ८० टक्क्यांचे आहे. राज्याच्या धोरणाप्रमाणे उद्योगांनी एकूण ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय पातळीवर ५० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात. यातला स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती. म्हणजे पोफरणच्या विस्थापिताचा मुलगा आणि नागपूरहून आलेला तरुण या अटीपुढे सारखेच. ज्याची जमीन गेली त्या कुटुंबाचा वेगळा हक्क या टक्केवारीत कुठेच दिसत नाही. शिवाय अटीचा धाक मुख्यतः सवलती व अनुदानांपुरता आहे, आणि ठेकेदारामार्फत आलेले मजूर मोजायचे की नाही यावर तिचा सारा अर्थ अवलंबून राहतो.

कायदा करून सक्ती करावी, तर घटना आड येते. अनुच्छेद १९ प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही राहण्याचे व व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद १६ सरकारी नोकरीत जन्मस्थानावरून भेद करू देत नाही, आणि वास्तव्याची अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेला ठेवतो. हरियाणाने ३० हजार रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक आरक्षणाचा कायदा केला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला.

रस्त्यावरचे उत्तर त्याहून जुने आहे. शिवसेना १९६६ मध्ये स्थापन झाली तेव्हा मुंबईतल्या कारकुनी नोकऱ्यांतले दाक्षिणात्य हे तिचे पहिले लक्ष्य होते. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. परीक्षेला आलेल्या गरीब मुलाला मारून कोणत्याही मराठी मुलाला नोकरी मिळाली नाही. मुंबईत मराठी माणसाचे सर्वात मोठे रोजगार-संकट आले ते जानेवारी १९८२ च्या गिरणी संपानंतर. संपात उतरलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी असंख्य पुन्हा कधीच गिरणीत गेले नाहीत, आणि त्यांच्या जागा कोणा बाहेरच्याने घेतल्या नव्हत्या. तिथे पुढे मॉल आणि मनोरे उभे राहिले.

मे २०२० मध्ये या प्रश्नाची नकळत परीक्षा झाली. टाळेबंदीत श्रमिक गाड्यांनी परप्रांतीय कामगार गावी गेले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी भूमिपुत्रांनी रिकाम्या जागा घ्याव्यात असे आवाहन केले, आणि ६ जुलै २०२० रोजी ‘महाजॉब्स’ हे संकेतस्थळ सुरू झाले. नोंदणीसाठी अधिवास दाखला मागितला गेला. बोईसरच्या वसाहतीला मात्र जुनेच कामगार परत हवे होते, आणि गाड्या सुरू होताच ते येऊ लागले. बारा तासांचा रोज, नोकरीची शाश्वती नाही, भविष्य निर्वाह निधीचा पत्ता नाही, या अटी तशाच ठेवून फक्त माणूस बदलण्याची अपेक्षा होती. ती फसली यात स्थानिक तरुणाच्या आळसाचा पुरावा शोधणे अन्यायाचे आहे.

या जिल्ह्याने हा प्रश्न दुसऱ्या टोकानेही भोगला आहे, आणि चर्चेत नेमके हेच टोक सुटते. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पावसाळी भात निघाले की कुटुंबेच्या कुटुंबे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. लोक त्याला ‘जगायला जाणे’ म्हणतात. आधी उचल घेतलेली असते, हंगामभर ती फिटत राहते, आणि खर्चीपुरते पैसे हाती पडतात. १९८० च्या दशकात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने याच पट्ट्यात वेठबिगारांना मुक्त करण्याचे काम केले; भट्टीवरच्या मुलांसाठी पुढे भोंगा शाळा निघाल्या. डहाणू-तलासरीचे आदिवासी तरुण पावसाळी मासेमारी बंदी उठली की खलाशी म्हणून वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर चढतात. गुजरातच्या किनाऱ्यावर हे परप्रांतीय. पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने पकडलेल्या बोटींत तेही असतात आणि कराचीच्या तुरुंगात वर्षे काढतात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘जलपरी’ या गुजरातच्या बोटीवर गोळीबार झाला. त्यात मरण पावलेला मच्छीमार केळव्याच्या शेजारच्या वडराईचा होता. त्याने पोरबंदरच्या कोणा तरुणाची नोकरी हिरावली, असे म्हणण्याचे धाडस केळव्यात कोणी करणार नाही.

नीतिशास्त्रात या विषयावर दोन ध्रुव मानले जातात. जोसेफ कॅरन्स यांच्या मते माणूस कुठे जन्मला हा योगायोग आहे आणि त्यावर संधी ठरू नये. मायकल वॉल्झर समुदायाला आपले सभासद निवडण्याचा हक्क देतात, पण ‘स्फिअर्स ऑफ जस्टिस’ या १९८३ च्या ग्रंथात ते एक कडक अटही घालतात: ज्यांच्याकडून समाज काम करून घेतो त्यांना तो कायमचे परके ठेवू शकत नाही. बोईसरला लागू पडते ती ही अट. अर्थशास्त्रातही निकाल एकतर्फी नाही. १९८० मध्ये क्यूबातून सुमारे सव्वा लाख माणसे फ्लोरिडात आली. मायामीतल्या मजुरीवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही असे डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवले, तर जॉर्ज बोर्हास यांनी पुढे सर्वात कमी शिकलेल्या पुरुषांची मजुरी घसरल्याचे मांडले. बोर्हास यांचे म्हणणे अर्धे जरी खरे असले, तरी इथे त्याची झळ केळव्याच्या पदवीधराला कमी आणि पाड्यावरून हेल्परच्या कामाला येणाऱ्या वारली मुलाला जास्त बसते. भूमिपुत्रांच्या नावाने बोलणाऱ्यांत त्याचा आवाज सर्वात क्षीण असतो.

मराठी मध्यमवर्ग हाच वाद अमेरिकेत दुसऱ्या बाजूने लढतो. तिथल्या काही कंपन्यांनी २०१४-१५ मध्ये जुन्या संगणक कर्मचाऱ्यांना काढले, आणि जाण्यापूर्वी आपल्या जागी येणाऱ्या भारतीयांना काम शिकवायला लावले. त्यांचा संताप खोटा नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लागले तेव्हा पुण्यातल्या घराघरांत काळजी पसरली, आणि तीही खोटी नव्हती.

मग न्याय्य काय? या पट्ट्याच्या इतिहासात एक उत्तर आहे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांनी वेठ न करण्याचा निश्चय केला. त्या वर्षी किसान सभेच्या शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली गवत कापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. त्या दराखाली कोणीच कापायचे नाही, हे तिचे मर्म होते. दर सर्वांना सारखा असला की स्वस्त माणूस शोधण्यात मालकाचा फायदा उरत नाही. बोईसरच्या फाटकावर हेच लागू करायचे तर किमान वेतन, दुप्पट जादा दर, भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा हे ठेकेदाराच्या माणसालाही पूर्ण मिळाले पाहिजेत. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने प्रवासभत्ता व विस्थापन भत्ता दिला होता. अंमलबजावणी क्षीणच राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत ठेकेदाराशिवाय स्वतःहून आलेला कामगारही स्थलांतरित मानला गेला ही चांगली गोष्ट आहे, पण विस्थापन भत्ता गळाला. ज्यांची जमीन किंवा खाडी घेतली गेली त्यांचा हक्क याहून निराळा. तो भूमिपुत्र म्हणून नाही, घेणेकरी म्हणून कारखान्याकडून वसूल करायचा आहे: कायम नोकरी, प्रशिक्षण, भरपाई. हे देणे परप्रांतीय मजुराच्या खिशातून फेडता येणार नाही.

सध्या हा प्रश्न तारापूरच्या उत्तरेला, डहाणू तालुक्यातल्या वाढवण येथे नव्याने उभा आहे. ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. लाखो नोकऱ्यांचे आश्वासन आहे, स्थानिक तरुणांसाठी कौशल्य प्रशिक्षणाचे कार्यक्रमही जाहीर झाले आहेत. मच्छीमार संघटनांचा विरोध कायम आहे. बोट मालकाच्या नावावर असते, पण त्या बोटीवरचे खलाशी, बोंबील सुकवणाऱ्या आणि पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या बायका यांना बाधितांच्या यादीत घ्या, अशी त्यांची बाजू मांडणाऱ्यांची मागणी आहे. यादी होण्याआधी ठेकेदारांची माणसे येऊन राहिली, तर वाढवणच्या आसपासच्या गावांतही बोईसरसारख्या चाळी उठतील आणि तिथल्या मुलांचा राग त्या चाळींच्या दारांवर जाऊन आदळेल.