गडी मुंबईला, बाई गावाला

आज सुरुवात एका आकड्यापासून. १९८१च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त बायका होत्या. वाटेल, वा, काय जिल्हा आहे! पण कारण साधं होतं. पुरुष मुंबईला होते.

माण-खटावला पाऊस नाही, पाटणला जमिनीचे तुकडे, सांगलीकडच्या खानापूर-आटपाडीत दुष्काळ. गडी निघायचा गिरणीत, नाहीतर माथाडी म्हणून बाजारात. परळ-लालबागला एकेका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. तिथे बायकोला आणणार कुठे? ती गावी. पेरणी, शेरडं, सासू-सासरे सगळं तिच्यावर. मनीऑर्डर मात्र बऱ्याचदा सासऱ्याच्या नावे यायची आणि सातबारा पुरुषाच्या नावे. तो 'गिरणी कामगार' झाला. ती दिवसभर रानात राबून 'घरीच असते'!

बायका गिरणीत नव्हत्याच असं नाही हं. १९२०च्या दशकात साधारण पाच कामगारांत एक बाई होती. बायकांना रात्रपाळीची बंदी होती, पुढे १९२९ला बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, नवी यंत्रं आली. मालकांना बाई महाग वाटू लागली आणि बायकांचा आकडा घसरत गेला. मग उरली खानावळ. म्हणजे बघा, गावी बायको सोडून आलेल्या गड्याला मुंबईत भाकरी कोण थापून देत होतं? बऱ्याचदा दुसऱ्या एखाद्या गिरणी कामगाराची बायको. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या याच बायकांना १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

१९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि हजारो गडी गावी परतले. सगळेच नाही. काहींचा मुंबईत दुसरा संसार होता. गावात त्यांच्या बायकांना एकच शब्द: 'टाकलेली'. मला हा शब्द फार लागतो, कारण वस्तू टाकतात, माणूस नाही. सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर, कोवळ्या वयात प्रतिसरकारच्या लढ्यात उतरलेल्या, त्या या बायकांसोबत उभ्या राहिल्या. स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून परित्यक्तांचे मोर्चे निघाले. मागणी काय? स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड. तोवर नवऱ्याचं नाव नसेल तर कार्ड मिळवणंच मुश्कील, मग बाईने धान्य आणायचं कसं?

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख ठरवलं. आज घरी गेलात की कपाटातलं कार्ड काढा. पहिलं नाव कुणाचं आहे, कमेंटमध्ये सांगा.