नदी वर, शेत खाली

केंब्रिजहून इलीला जाणाऱ्या ट्रेनमध्ये मी खिडकीपाशी बसलो होतो. बाहेर काळीभोर, सपाट शेतं. डोंगर सोडाच, साधं टेकाडही नाही. मध्येच एक लांबलचक बांध आला आणि त्याच्यामागून एका बोटीचं छप्पर सरकताना दिसलं. म्हणजे नदी शेतांपेक्षा उंचावरून वाहत होती! पाणी सखल भागातून वाहतं एवढं तर शाळेतच शिकलेलो. मग हे उलटं कसं झालं?

या प्रदेशाला फेन्स म्हणतात. सतराव्या शतकापर्यंत इथे मैलोन् मैल दलदल होती आणि इली हे तिच्यातलं बेट. गावाचं नाव वाम माशांवरून पडलं, असं आठव्या शतकातला इतिहासकार बीड सांगतो. १०८६ च्या डूम्सडे नोंदींत इथलं देणं चक्क वाम मोजून लिहिलेलं आहे. मासे, बदकं, छपरासाठी लव्हाळी, उन्हाळ्यात गुरांना चारा: लोकांचं पोट या दलदलीवरच चालायचं. पैसेवाल्यांना मात्र ती पडीक वाटली.

१६३० च्या दशकात बेडफर्डच्या अर्लने आणि त्याच्या भागीदारांनी पैसे घातले. मोबदला म्हणून कोरडी झालेली जमीन मिळणार होती. डच अभियंता व्हर्मायडनने ग्रेट ऊझ नदीची वळणं टाळून सुमारे ३४ किलोमीटरचा सरळ कालवा काढला. १६३७ मध्ये तो झाला, पण पुरला नाही. यादवी युद्धानंतर त्याला समांतर दुसरा खणला, तो १६५१ मध्ये. त्यावर डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश कैदी राबले. आपली कुरणं जाताना पाहून गावकऱ्यांनी बांध फोडले, चर बुजवले. सुरुवातीला त्यांची बाजू घेणारा क्रॉमवेल सत्तेत आल्यावर याच कामाच्या पाठीशी उभा राहिला. (राजकारण कुठलंही असो!)

खरी गोची पुढे झाली. इथली माती म्हणजे पीट, हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजलेली झाडंझुडपं. पाणी काढल्यावर ती आकसली, मग हवा लागून कुजू लागली. शेतं खचली, गाळावरून वाहणाऱ्या नद्या वरच राहिल्या. शेतातलं पाणी नदीत वर चढवायला पवनचक्क्या आल्या. जमीन आणखी खचली, तेव्हा वाफेची इंजिनं आणि नंतर डिझेल, विजेचे पंप. बगचा फिक्स नवा बग घेऊन येतो, हे मी रोज अनुभवतो. पण तो तीन-साडेतीनशे वर्षं चाललेला पहिल्यांदाच पाहिला.

होम फेनमध्ये याची मोजपट्टीच उभी आहे. शेजारचं व्हिटलसी मिअर हे मोठं तळं उपसलं जात असताना, १८५१ मध्ये, तिथे एक लोखंडी खांब पुरला. त्याचं टोक तेव्हा जमिनीच्या पातळीला होतं. आज ते सुमारे ४ मीटर वर आहे. मी खाली उभा राहून हात उंचावला, तर बोटं जेमतेम अर्ध्यावर पोचली. आजूबाजूच्या काही शेतांत आता पाणी मुद्दाम परत मुरवतायत, कारण ओलं राहिलं तरच उरलेलं पीट टिकेल.