रॅकेट धरणारा हात

तालमीत जोर काढणाऱ्या गड्याचे दोन्ही दंड सारखे भरतात, कारण तेथे श्रमाची वाटणी समान असते. रॅकेटच्या खेळांत मात्र एकच हात राबतो, आणि जो राबतो तोच वाढतो. खेळाडूच्या साधनेचा इतिहास असा त्याच्या बाहूत उमटत जातो.

या खेळांपैकी बॅडमिंटनशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे आरंभीचे नियम बांधले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा या खेळातील पहिला मान सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांना लाभला. पुढे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांत प्रदीप गंधे यांनी लेरॉय डिसा यांच्या साथीने पुरुष दुहेरीचे कांस्यपदक मिळवले.

अशा सामन्यांत प्रेक्षकाला वाटते की फटक्याचे सारे बळ मनगटात आहे. वस्तुतः दंड खांद्यातून आत फिरतो, पाठोपाठ कोपराखालचा हात वळतो, आणि त्या वळणातून फुलाला वेग येतो. बॅडमिंटनची रॅकेट शंभर ग्रॅमहूनही हलकी. टेनिसची सुमारे तीनशे ग्रॅमची, आणि चेंडूचा आघातही जड. म्हणून टेनिसपटूच्या दोन हातांतील भेद अधिक डोळ्यांत भरतो.

वारंवार ताण पडला की स्नायूंचे तंतू जाड होतात, आणि त्यांच्या ओढीने हाडही बळावते. १९७७ साली ८४ व्यावसायिक टेनिसपटूंच्या क्ष-किरण तपासणीत, खेळत्या हाताच्या दंडाच्या हाडाचे कवच पुरुषांत सुमारे ३५ आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के अधिक जाड आढळले. फिनलंडमध्ये १९९५ साली टेनिस व स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्यांनी ऋतुप्राप्तीपूर्वी वा त्या सुमारास खेळ आरंभला होता, त्यांच्या दोन हातांच्या हाडांतील भेद फार उशिरा आरंभ करणाऱ्यांहून दुपटीने ते चौपटीने मोठा होता.

कोवळे वय हात असा घडवते, म्हणूनच शिक्षकाची जबाबदारी वाढते. मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंचा कंडरा कोपराच्या बाहेरच्या अंगास हाडाला जोडलेला असतो. विश्रांतीवाचून त्यावर ओढ पडत राहिली, तर तो झिजतो आणि ‘टेनिस एल्बो’चे दुखणे जडते. दिल्लीत असो वा पुण्यात, रॅकेट हाती घेणाऱ्या मुलाला फटक्यांच्या सरावाइतकाच विसावाही मिळाला पाहिजे, आणि दुसऱ्या हाताला व्यायाम. तालमीतील वस्तादांची समतोलाची रीत या नव्या खेळांनाही उपकारक ठरेल.