कॉर्व्हेट : एका मोटारीचे अस्सलपण

मोटारगाडी हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आमच्या काही इतिहासभक्त मित्रांस आल्यावाचून राहणार नाही. ताम्रपट, सनदा, बखरी, शकावल्या ह्यांच्या सहवासात ज्यांची हयात गेली, त्यांस सत्तर वर्षांपूर्वीची एक अमेरिकन मोटार म्हणजे फार तर श्रीमंतांचे खेळणे वाटावयाचे. परंतु अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती, आणि अस्सलाची डागडुजी कोठवर करावी, हे जे प्रश्न आमच्या संशोधकांनी दप्तरे चाळताना पिढ्यान् पिढ्या सोडविले, तेच प्रश्न जुन्या शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीच्या धन्यांना आज पडलेले आहेत. ते ती कशी सोडवणूक करतात, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी प्रथम ह्या गाडीची जन्मकथा थोडक्यात सांगितली पाहिजे.

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्स कंपनीने आपल्या मोटारींचे प्रदर्शन भरविले. त्यात हार्ली अर्ल ह्या रूपकाराच्या हाताखाली घडलेली दोन माणसांची एक उघडी, ठेंगणी, पांढरी गाडी मांडली होती. लहान लढाऊ जहाजाच्या एका जातीवरून तिचे नाव कॉर्व्हेट ठेवले. युद्धावरून परतलेल्या अमेरिकन तरुणांनी इंग्लंडातील चपळ स्पोर्ट्‌स मोटारी पाहिल्या होत्या. तशी स्वदेशी गाडी हवी, हा त्यामागचा हेतु होय. गाडीचे अंग पोलादाचे नव्हते, फायबरग्लासचे होते. थोड्या गाड्यांसाठी पत्रा ठोकण्याचे अवजड साचे करण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त व झटपट होता. त्या वर्षी मिशिगनमधील फ्लिंट गावी अवघ्या ३०० गाड्या बांधल्या गेल्या. साऱ्या पांढऱ्या, साऱ्यांचे अंतरंग तांबडे, आणि किंमत ३,४९८ डॉलर.

देखणेपणाच्या मानाने गुण मात्र बेताचेच होते. एंजिन सहा सिलिंडरचे, १५० अश्वशक्तीचे. गियर दोनच आणि तेही आपोआप पडणारे. दारांना बाहेरून मूठ नाही, खिडक्यांना वरखाली होणारी काच नाही. १९५४ मध्ये कारखाना सेंट लुईस येथे हलविला व ३,६४० गाड्या काढल्या, तेव्हा वर्षअखेरीस त्यांतील हजाराहून अधिक गिऱ्हाइकावाचून पडून राहिल्या. १९५५ साली तर अवघ्या ७०० झाल्या. त्याच वर्षी फोर्डची थंडरबर्ड सोळा हजारांवर खपली. कोणताही व्यवहारी मारवाडी अशा वेळी दुकानाला कुलूप लावील, आणि जनरल मोटर्समध्येही तसेच वारे वाहत होते.

ही गाडी वाचली त्याचे पुष्कळसे श्रेय झोरा आर्कस-डुन्टॉव्ह ह्या अभियंत्याकडे जाते. हा गृहस्थ १९०९ मध्ये ब्रुसेल्स येथे रशियन ज्यू मातापित्यांच्या पोटी जन्मला, बर्लिनमध्ये शिकला, आणि युद्धात फ्रान्समधून निसटून अमेरिकेस पोहोचला. प्रदर्शनात त्याने कॉर्व्हेट पाहिली, शेव्हरोलेचे मुख्य अभियंता एड कोल ह्यांस पत्र धाडले, आणि मे १९५३ मध्ये त्याच खात्यात नोकरीला लागला. १९५४ च्या ऑक्टोबरात त्याने वरिष्ठांना टिपण लिहिले. फोर्ड मैदानात उतरत असताना आपण माघार घेतली, तर आपले अपयश फोर्डच्या हातचे शस्त्र होईल, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी गाडीला आठ सिलिंडरचे नवे एंजिन मिळाले. १९५७ मध्ये २८३ घनइंचाच्या एंजिनातून फ्युएल इंजेक्शनच्या साह्याने २८३ अश्वशक्ती काढण्यात आली. डुन्टॉव्ह १९९६ साली वारला. केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथे ह्या एकाच मोटारीचे संग्रहालय आहे, तेथे त्याच्या अस्थी ठेविलेल्या आहेत. एंजिन चालकाच्या पाठीमागे असावे असा त्याचा जन्मभरचा आग्रह होता. तो २०२० सालच्या नमुन्यात पुरा झाला. पण आमचा विषय जुनी गाडी हा आहे.

आता ज्यास आपण अस्सल म्हणतो, ते नष्ट कोणी केले? शत्रूने नव्हे. गाडीच्या धन्यांनीच केले, आणि तेही प्रेमाने केले. फ्युएल इंजेक्शनची ती नाजूक यंत्रणा गावोगावच्या मेकॅनिकांना जुळविता येईना. तेव्हा पुष्कळांनी ती उपटून साधा कार्ब्युरेटर बसविला आणि ती अडगळीत टाकली. आज त्याच यंत्रणेसाठी हौशी लोक भरपूर डॉलर मोजतात. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९६३ साली स्टिंग रे नावाचा नवा अवतार आला. त्याच्या बंद टपाच्या गाडीत मागील काच मधोमध एका पट्टीने दुभंगलेली होती. रूपकार बिल मिचेल ह्यास ती पट्टी म्हणजे गाडीचे सौंदर्य वाटे. डुन्टॉव्ह म्हणे, मागचे दिसत नाही. १९६४ मध्ये पट्टी गेली. मग १९६३ च्या काही धन्यांनी आपली गाडी जुनाट दिसू नये म्हणून पट्टी कापून एकसंध काच बसवून घेतली! त्या एका वर्षीच्या दुभंग काचेसाठीच आज ती गाडी नावाजली जाते. आमच्याकडे जुन्या कोरीव दगडी खांबांवर भक्तिभावाने तैलरंगाचे हात चढविले जातात, त्याच जातीचे हे प्रेम.

१९७० नंतर वारे फिरले. १९७३ मध्ये इलिनॉय राज्यात ब्लूमिंग्टन येथे ह्या गाड्यांची पारख करणारा मेळावा सुरू झाला, आणि १९७४ साली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटी स्थापन झाली. गाडी कारखान्यातून ज्या स्थितीत बाहेर पडली ती स्थिती हेच प्रमाण, असा ह्या मंडळींचा दंडक आहे. त्यांच्या परीक्षेत ४,५०० गुण असतात व पहिला वर्ग मिळण्यास शेकडा ९४ गुण लागतात. मौज अशी की, आजचा कारागीर रंग फार गुळगुळीत देतो म्हणून गुण कापले जातात. सेंट लुईसचे कामगार घाईत असत. त्यांच्या हातून रंगाचे ओघळ राहत, सांगाड्यावर खडूच्या खुणा राहत. मग आजचे जीर्णोद्धारक तेच ओघळ व त्याच खुणा मुद्दाम काढतात. ह्याला काय म्हणावे? खोट्या ओघळाने खऱ्याची साक्ष देता येते, असे आम्हांस काही वाटत नाही.

किंमत वाढली की बनावट सनद येते, हा नियम येथेही चुकला नाही. १९६७ साली एल-८८ नावाचे शर्यतीचे एंजिन केवळ २० गाड्यांत बसविले गेले; त्यांतील एकीला २०१४ मध्ये लिलावात ३८ लक्ष डॉलरांवर किंमत आली. एवढ्या लोभापुढे साध्या गाडीची एल-८८ करून विकणारे न निघते तरच नवल. कॉर्व्हेटच्या एंजिनावर, उजव्या बाजूस पुढे, एक लहानशी सपाट पट्टी असते. तीवर एंजिनाची खूण आणि १९६० पासून गाडीच्या क्रमांकाचे आकडे ठोकलेले असतात. हे आकडे गाडीच्या क्रमांकाशी जुळले, तर एंजिन जन्माचे सोबती समजावयाचे. बनावट करणारा जुने आकडे घासून नवे ठोकतो. परंतु कारखान्यात ती पट्टी कापताना हत्याराचे बारीक समांतर ओरखडे उमटत, ते घासण्याने पुसले जातात. जाणता परीक्षक आकडे नंतर पाहतो, आधी ओरखडे पाहतो. कागद आणि शाई पाहिल्यावाचून मजकुरावर विश्वास ठेवू नये, हे आम्ही शिकलो त्यातलेच हे. शिवाय एंजिनाच्या ओतीव भागावर ओतकामाची तारीख असते. ती गाडीच्या जन्मतारखेनंतरची निघाली, तर मुलगा बापाच्या आधी जन्मला म्हणावयाचे. १९६७ पासूनच्या गाड्यांत पेट्रोलच्या टाकीवर कारखान्याचा एक कागद चिकटवीत असत, त्यावर त्या गाडीत काय काय बसविले ते सारे छापलेले असे. टाकी खाली उतरविल्यावाचून तो दिसत नाही आणि पुष्कळदा ओलीने त्याचा लगदा झालेला असतो. पण मिळाला, तर त्याच्याएवढा साक्षीदार दुसरा नाही.

एवढी चौकशी एंजिनाची होते, आणि तरीही घेणारा फसतो. कारण तो गंजाकडे पाहत नाही. फायबरग्लासला गंज चढत नाही ही गोष्ट खरी. पण तिच्यामुळे जी निश्चिंती येते, ती घातक आहे. अंगाखाली पोलादी चासी आहे, आणि १९६३ पासून काचेच्या व दारांच्या भोवती आत दडलेला पोलादी सांगाडाही आहे. हौशी लोक त्याला बर्डकेज म्हणजे पक्ष्याचा पिंजरा म्हणतात. पुढल्या काचेच्या कुजलेल्या रबरातून पावसाचे पाणी झिरपते, पिंजऱ्याच्या खांबांतून खाली उतरते आणि पायथ्याशी साचून राहते. वरून गाडी झळझळीत. आत खांबाची पापडी झालेली. म्हणून विकत घेणाऱ्याने रंगावर हात फिरवीत बसू नये. पायांजवळचे आतले आच्छादन काढावे, बिजागरीच्या खांबाचे बूड बॅटरीच्या उजेडात पाहावे. मग गाडीखाली शिरून मागील चाकांच्या पुढे जेथे चासी वर वळते, तेथे हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐकावा. उत्तरेकडील राज्यांत हिवाळी रस्त्यांवर मीठ टाकतात, तिकडच्या गाडीत ही जागा हमखास खाल्लेली असते. एंजिन बदलता येते, ब्रेक बदलता येतात. पिंजरा दुरुस्त करावयाचा म्हणजे सबंध गाडी सोलावी लागते.

फायबरग्लासची आणखी एक खोड आहे. त्यातून वीज वाहत नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला परतीची निराळी तार लागते, आणि दिवा लुकलुकू लागला तर दिव्याचा दोष नसून बहुधा त्या तारेच्या टोकाला धरलेला गंज असतो. शिवाय ठिणगीच्या तारांमुळे रेडिओत खरखर होते. पोलादी बॉनेट ती अडविते, हे अंग अडवीत नाही. म्हणून कारखान्याने स्पार्क प्लगच्या तारांवर चकचकीत पत्र्याची झाकणे बसविली. ती प्लग बदलताना आड येतात म्हणून किती जणांनी ती फेकून दिली असतील! आमची सूचना एवढीच की, काढलेला कोणताही भाग फेकू नये. चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा. पुढचा धनी दुवा देईल.

गाडी जपावयाची म्हणून ती झाकून ठेवणारांचा एक वर्ग आहे. त्यांचे चुकते असे आमचे स्पष्ट मत आहे. १९६५ पासून ह्या गाडीला चारही चाकांस डिस्क ब्रेक आले. त्यांच्या कॅलिपरचे बिडाचे सिलिंडर गाडी उभी राहिली की आतून ओल धरतात, त्यांत खड्डे पडतात, आणि पिस्टनच्या सीलमधून ब्रेकचे तेल गळू लागते. अनेकांनी आता आत गंज न धरणाऱ्या पोलादाचे अस्तर बसवून घेतले आहे. ही सुधारणा बाहेरून दिसत नाही आणि जीव वाचविते, तेव्हा अस्सलपणाच्या नावाखाली ती नाकारण्यात शहाणपणा नाही. १९६८ ते १९८२ च्या गाड्यांचे पुढले दिवे एंजिनाच्या व्हॅक्यूमने वर उठतात. रबरी नळ्या वाळून चिरल्या, की एक डोळा उघडतो आणि दुसरा झोपूनच राहतो. मागील चाकांची बेअरिंगे तर सहसा कोणी उघडत नाही, कारण ती उघडण्यास खास दाबयंत्र लागते व चकत्या लावून ती बारकाईने जुळवावी लागतात. ती कोरडी पडली तर चाकाचा आस निकामी होतो. आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले अल्कोहोल जुने रबर खाते, म्हणून इंधनाच्या नळ्या नव्या जातीच्या असाव्यात. टायर नक्षी शाबूत असली तरी वयाने मरतो. त्याच्या कडेला छापलेला सप्ताह व वर्ष वाचावे. आणि दर पंधरा दिवसांनी गाडी चांगली तापेपर्यंत चालवावी. पाच मिनिटे जागच्या जागी एंजिन घरघरविल्याने तेलात फक्त पाणी जमते.

डागडुजी किती करावी ह्याविषयी दोन्ही पक्षांना उत्तर देण्याची वेळ एकदा निसर्गानेच आणली. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी पहाटे बोलिंग ग्रीनच्या संग्रहालयातील जमीन खचली. तो प्रदेश चुनखडीचा, पोटात गुहा असलेला आहे. सुमारे तीस फूट खोल खड्डा पडला आणि आठ कॉर्व्हेट त्यात गेल्या. त्यांत १९६२ सालची एक काळी गाडी होती, आणि १९९२ मध्ये बांधलेली दहा लाखावी गाडीही होती. पहिल्या गाड्यांची आठवण म्हणून तीही पांढरी, आत तांबडी. आठांपैकी तीनच दुरुस्त करावयाचे ठरले. दहा लाखावी गाडी उघडली तेव्हा आतल्या भागांवर कारखान्यातील कामगारांच्या सह्या निघाल्या. दुरुस्त करणारांनी नवे भाग सर्रास घालण्याऐवजी तेच वाकलेले भाग सरळ केले. जे थोडे वाचलेच नाहीत, त्यांवरील सह्यांची हुबेहूब प्रत घेऊन नव्या भागांवर उतरविली. १९६२ ची गाडी २०१८ मध्ये पुरी झाली. उरलेल्या पाच गाड्या जशा खड्ड्यातून निघाल्या तशाच, चेपलेल्या आणि फाटलेल्या, संग्रहालयात मांडून ठेविल्या. त्या वर्षी संग्रहालयात प्रेक्षकांची संख्या पुष्कळच वाढली, आणि येणारे बहुतेक लोक प्रथम त्या मोडक्या गाड्या कोठे आहेत तेच विचारीत.