एकच भोक, अनेक डिस्ट्रिब्युटर

पेट्रोल इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरला एकाच शाफ्टवर अनेक कामे करावी लागतात. कॉइलमधला करंट नेमक्या क्षणी तोडायचा, त्यातून उठलेला हजारो व्होल्टचा करंट रोटरच्या मदतीने योग्य प्लगकडे वळवायचा आणि इंजिनाचा वेग वाढेल तसा स्पार्क थोडा आधी पाडायचा. हा शाफ्ट कॅमशाफ्टवरच्या गिअरने फिरतो, म्हणून क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत त्याची एक फेरी होते. अमेरिकेतल्या शेव्हरोले ट्रकच्या जुन्या व्ही-8 इंजिनात त्याच शाफ्टचे खालचे टोक ऑइल पंपही फिरवते. त्यामुळे जुन्या ट्रकमध्ये दुसरे इंजिन बसवताना कोणता डिस्ट्रिब्युटर चालेल, हा प्रश्न नुसत्या स्पार्कचा राहत नाही. चुकीचा डिस्ट्रिब्युटर बसला तर इंजिन चालू होणार नाही एवढ्यावर ते भागत नाही; तेलावाचून इंजिन जाम होऊ शकते.

बॅटरी, कॉइल आणि करंट तोडणारे पॉइंट यांवर चालणारी पद्धत ओहायोतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांनी घडवली आणि 1910 च्या कॅडिलॅक मोटारींत ती आली. त्यांच्या कंपनीच्या आद्याक्षरांवरून पडलेले ‘डेल्को’ हे नाव पुढे जनरल मोटर्सच्या इग्निशनच्या सामानावर कायमचे राहिले. या घराण्याच्या ट्रकांशी मुंबईचाही संबंध आहे. जनरल मोटर्सने 1928 साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि तिथून शेव्हरोलेचे ट्रक व बस रस्त्यावर आल्या. हा कारखाना 1954 साली बंद झाला. त्याच वर्षी टाटांनी डाइम्लर-बेंझशी करार केला, आणि भारतातला ट्रक डिझेलकडे वळला. डिझेल इंजिनात स्पार्क लागत नाही, त्यामुळे तिथे डिस्ट्रिब्युटरचा प्रश्नच मिटला. अमेरिकेत मात्र त्याच सुमारास हा प्रश्न नव्याने सुरू होत होता.

1955 साली शेव्हरोलेने 265 घन इंचांचे छोटे व्ही-8 इंजिन बाजारात आणले. पुढच्या दोन-तीन दशकांत त्याच साच्यातून 283, 327, 350, 400 अशी इंजिने निघाली. डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला, केबिनच्या फायरवॉलला लागून. फायरिंग ऑर्डर 1-8-4-3-6-5-7-2. रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणारा. यातले काहीही बदलले नाही. सहा सिलिंडरचे थकलेले इंजिन काढून तिथे मोडीत निघालेल्या मोटारीचे व्ही-8 बसवण्याचा रिवाज अमेरिकेत एवढा पसरला, त्यामागे हे सातत्य मोठे कारण आहे. 1957 च्या इंजिनावरचा डिस्ट्रिब्युटर वीस वर्षांनंतरच्या इंजिनात सरळ उतरतो. त्या 1957 च्या कॅपला एक छोटी खिडकी होती. ती वर सरकवून इंजिन चालू असतानाच पॉइंटची गॅप लावता येई. मेकॅनिकची सोय पाहून केलेली ही रचना आजही दाद द्यावी अशी आहे.

फोर्डच्या बाबतीत असे झाले नाही. फोर्डच्या छोट्या व्ही-8 मध्ये डिस्ट्रिब्युटर पुढे असतो आणि उलट दिशेने फिरतो. 302 काढून 351 विंडसर बसवणाऱ्यांना जुना डिस्ट्रिब्युटर वापरता येत नाही, कारण ऑइल पंपाचा षटकोनी दांडा 302 मध्ये पाव इंचाचा आहे, 351 मध्ये 5/16 इंचाचा. शिवाय 351 ची फायरिंग ऑर्डर 1-3-7-2-6-5-4-8, तर जुन्या 302 ची 1-5-4-2-6-3-7-8. डिस्ट्रिब्युटर योग्य मिळाला तरी वायरी जुन्या क्रमाने लावल्या, तर इंजिन फटाके फोडते.

शेव्हरोलेतही एक अपवाद आहे, आणि तो ट्रकवाल्यांसाठीच आहे. शेव्हरोलेच्या मोठ्या व्ही-8 मध्ये, म्हणजे बिग-ब्लॉक इंजिनात, छोट्या ब्लॉकचाच डिस्ट्रिब्युटर चालतो. पण जड ट्रकांसाठी बनवलेल्या 366 आणि 427 या इंजिनांचा ब्लॉक मोटारीच्या बिग-ब्लॉकपेक्षा 0.4 इंचाने, म्हणजे सुमारे 10 मिलिमीटरने उंच होता. डिस्ट्रिब्युटर वरच्या मॅनिफोल्डवर टेकतो आणि मॅनिफोल्ड तेवढाच वर गेलेला असतो. नेहमीचा डिस्ट्रिब्युटर त्यात टाकला की गिअर कॅमवर पुरता बसत नाही आणि खालचे टोक ऑइल पंपाच्या दांड्यात जेमतेम अडकते. अशा इंजिनाला लांब शाफ्टचा किंवा सरकत्या कॉलरचा डिस्ट्रिब्युटरच लागतो.

1970 च्या स्वच्छ हवा कायद्याने पुढचे वळण आले. 1975 पासून अमेरिकन मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागले. एखादा स्पार्क चुकला तर न जळलेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवून टाकी. झिजणारे पॉइंट आता परवडणारे नव्हते. जनरल मोटर्सने 1974-75 मध्ये ‘एचईआय’ हा पॉइंटविरहित डिस्ट्रिब्युटर आणला. कॉइल कॅपच्या डोक्यावरच बसवलेली आणि आतमध्ये चार पिनांचे मॉड्यूल. बाहेरून फक्त 12 व्होल्टची एक वायर दिली की काम भागते. जुन्या ट्रकसाठी यापेक्षा सोपी सुधारणा दुसरी नाही. मात्र जुन्या वायरिंगमध्ये पॉइंट जळू नयेत म्हणून कॉइलकडे जाणारी वायर मुद्दाम रेझिस्टन्सची असे. तीच वायर एचईआयला जोडली तर इंजिन आयडलला शांत चालते आणि चढावर लोड आला की मिसफायर करते. कित्येकांनी यापायी चांगली मॉड्यूल फेकून दिली. कॅपचा घेरही मोठा, त्यामुळे काही ट्रकांत तो फायरवॉलच्या पत्र्याला घासतो.

1980 च्या दशकात संगणक आला आणि एचईआयचे रूप बाहेरून तसेच राहून आतून बदलले. सात किंवा अधिक पिनांच्या मॉड्यूलच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये स्पार्क आधी पाडणारी वजने व स्प्रिंग नाहीत, व्हॅक्यूमची डबीही नाही; ते काम संगणक करतो. असा डिस्ट्रिब्युटर साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनावर लावला तर ट्रक सुरू होतो, पण दम धरत नाही. भंगार बाजारातून घेताना कॅप उघडून आत वजने आहेत का ते पाहावे. किंमत त्यानंतर विचारावी.

रोलर कॅमशाफ्ट आल्यावर गिअरचा धातूही मोजावा लागू लागला. पोलादी कॅमवर साधा ओतीव लोखंडी गिअर लवकर झिजतो. तिथे कठीण पृष्ठभागाचा, ‘मेलोनाइज्ड’ म्हणून ओळखला जाणारा गिअर हवा.

बसवण्याची रीत सत्तर वर्षांत बदललेली नाही. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणायचा. गिअरचे दाते तिरके असल्याने डिस्ट्रिब्युटर खाली जाताना रोटर फिरतो, म्हणून तो थोडा मागे धरूनच सोडायचा. शेवटचा पाव इंच उरला आणि डिस्ट्रिब्युटर अडला, तर खालच्या पंपाची खाच जुळलेली नाही असे समजावे. लांब स्क्रू-ड्रायव्हरने तो दांडा किंचित फिरवला की डिस्ट्रिब्युटर आपल्या वजनाने टपकन बसतो. तसाच अडलेला असताना क्लॅम्प आवळून दाबणे ही सगळ्यांत महाग पडणारी घाई.

1996 च्या व्हॉर्टेक ट्रकांत डिस्ट्रिब्युटर उरला तो फक्त वाटप करण्यापुरता. स्पार्कची वेळ क्रँकशाफ्टवरचा सेन्सर ठरवू लागला, आणि डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग लावणे संपले. 1999 च्या सिल्व्हराडोच्या व्ही-8 इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आली. ऑइल पंपही थेट क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर गेला, आणि त्या इंजिनाच्या ब्लॉकला डिस्ट्रिब्युटरसाठी भोकच ठेवलेले नाही.