मुसके, मुहपत्ती आणि मास्क

मळणीच्या वेळी बैलाने कणसांना तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला दोरीची जाळी बांधत. तिला मुसके म्हणतात. सुगी सरली की ते गोठ्यातल्या खुंटीवर जाई आणि कुजले तर उकिरड्यावर पडून मातीला मिळे. जालना जिल्ह्याला परिचित असलेले दुसरे मुखबंधन म्हणजे स्थानकवासी जैन साधुसाध्वींची मुहपत्ती. बोलताना सूक्ष्म जीवांची हिंसा होऊ नये, हा तिचा हेतू. ती कापडाची असते आणि धुऊन पुन्हा वापरली जाते. या दोन्ही वस्तूंना वापरानंतरही एक ठिकाण होते. २०२० साली घरोघर आलेल्या मास्कला ते नव्हते.

मास्क मुळात असा नव्हता. १९१०-११ च्या मांचुरियातील प्लेगमध्ये डॉ. वू लिएन-तेह यांनी प्रचारात आणलेला मास्क कापूस आणि जाळीदार सुती कापड यांचा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालयांतून एकदाच वापरून टाकायचे मास्क रूढ झाले आणि कापसाची जागा पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या तंतूंनी घेतली. दिसायला कापड, जातीने प्लॅस्टिक! महाराष्ट्राने २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत याच द्रव्याच्या ‘नॉन-वोव्हन’ पिशव्यांना मनाई केली होती. दोनच वर्षांनी ते तोंडावर आले. साथीत ते येणे आवश्यकच होते. पण हेही प्लॅस्टिकच आहे, हे फारसे कुणाच्या मनात आले नाही.

अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे धुळे-सोलापूर महामार्गावरचे, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यातले गाव. अशा गावांच्या संदर्भात हा प्रश्न निराळा होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनेप्रमाणे वापरलेला मास्क ७२ तास कागदी पिशवीत ठेवून, मग कापून, सुक्या कचऱ्यात टाकायचा होता. या सूचनेने घंटागाडी गृहीत धरली आहे. खेड्याची व्यवस्था परंपरेने उकिरड्याची. शेण, राख, पालापाचोळा तेथे एकत्र कुजतो आणि उन्हाळ्यात खत होऊन शेतात जातो. तेव्हा उकिरड्यावर पडलेला मास्क म्हणजे काळ्या रानात गेलेला मास्क. उन्हाने त्याचे तंतू ठिसूळ होतात, तुटतात, डोळ्यांना दिसेनासे होतात. त्यांची माती मात्र होत नाही. रस्त्याकडेला पडलेला मास्क पावसाबरोबर ओढ्याला आणि पुढे गोदावरीला मिळतो. २०२० या एका वर्षात सुमारे १५६ कोटी मास्क समुद्रात गेले असावेत, असा ‘ओशन्सएशिया’ या संस्थेचा अंदाज होता.

लोकमानसातला मास्कही पालटत गेला. मार्च २०२० मध्ये केंद्राने त्याची गणना जीवनावश्यक वस्तूंत केली, इतका तो दुर्मीळ होता. पुढे तो दंडाच्या धाकाने वापरायची वस्तू झाला. टाकलेल्या मास्कला तर जवळजवळ विटाळाची कळा आली. तो शिवू नये, हे सर्वांना पटले होते. मग तो उचलायचा कुणी, हा प्रश्न विचारण्याची गरज फारशी भासली नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातांवर हे काम सोपवले गेले, त्या सफाई कामगारांनी आणि कचरावेचकांनी तो उचलला.

एप्रिल २०२१ मध्ये जळगावजवळच्या कुसुंबा येथे गाद्यांत कापसाऐवजी वापरलेले मास्क भरले जात असल्याचे उघडकीस आले आणि गुन्हा नोंदवला गेला. तेही कापूस पिकवणाऱ्या खानदेशात! त्या घटनेचा धक्का साहजिकच संसर्गाच्या भीतीचा होता. परंतु भीतीपायी फेकलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हा त्यातला दुसरा प्रश्न मागेच राहिला.

३१ मार्च २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या तोंडावर, राज्याने मास्कची सक्ती उठवल्याचे जाहीर केले आणि आपण मास्क विसरलो. उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते, अशी आपली म्हण आहे. ती रचणाऱ्यांच्या उकिरड्यात न कुजणारे असे फारसे काही पडत नव्हते. आपल्या उकिरड्याबद्दल तो विश्वास बाळगण्याचा अधिकार आपण गमावला आहे.